कानाला पोचलेला हात

संपत कुंजीरचा वाढदिवस एक जूनला नसतो, हे जगात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं. एक त्याची आई, मुक्ताबाई. ती सोळा वर्षांपूर्वी गेली. दुसरा मी. खुद्द संपतला ते माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये याची व्यवस्था मी वयाच्या विसाव्या वर्षी करून ठेवली होती. चाळीस वर्षं ती बिनबोभाट चालली. पुण्यातली दुसरी कुठली व्यवस्था इतकी चालल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा मे महिन्याच्या अखेरीस रशीदाचा फोन आला. रशीदा संपतच्या हाताखाली खेळून तयार झालेली पोरगी, आता हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत आहे. संपत तिच्या शाळेतला शिपाई. म्हणजे पगार शिपायाचा. बाकी पस्तीस वर्षं शाळा सुटल्यावर फक्कीने मैदान आखून मुलींना बेसबॉल शिकवायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलेलं. एकतीस मेला तो साठीचा होऊन निवृत्त होणार आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा वाढदिवस. म्हणून मुलींनी सत्कार ठरवला होता. आमच्या क्रीडामंडळाचा अध्यक्ष मी, तेव्हा अध्यक्षस्थानीही मीच. खुर्ची दिसली की पुण्यात तिच्यावर कुणाला तरी बसवावंच लागतं.

रशीदा भलतीच खुशीत होती. म्हणाली, अमेरिकेतल्या काही वेबसाइट असतात, त्यावर आपली जन्मतारीख टाकली की त्या दिवशी बेसबॉलच्या इतिहासात काय घडलं ते निघतं. तिने संपत सरांची तारीख टाकली होती. एक जून १९२५ ला न्यूयॉर्कच्या संघातला एक तरुण खेळाडू दुसऱ्याच्या जागी बदली म्हणून उतरला, आणि तिथून पुढे चौदा वर्षं त्याने एकही सामना चुकवला नाही. सर, किती परफेक्ट ना, संपत सर पण एक दिवस चुकले नाहीत, मी हे फ्रेम करून देतेय, असं ती म्हणाली. मी छान छान म्हटलं आणि फोन ठेवला. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आता हे एक जून आलं कुठून, ते सांगतो. लोणी काळभोरला संपतचं घर. बाप लवकर गेला. मुक्ताबाई लोकांच्या उसात मजुरीला जायची आणि जाताना पोराला शाळेच्या व्हरांड्यात सोडायची. पोर चार वर्षांचं. गुरुजींना पहिलीचा पट भरायचा होता. त्या काळी वयाचा दाखला कोण विचारतो? पोराने उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायचा. पोचला कान, तर पोर सहा वर्षांचं. संपतचे हात जन्मापासून लांब. त्याने मान जरा वाकडी केली आणि कान धरला. गुरुजींनी लिहिलं, जन्मतारीख एक जून १९६५. गावच्या निम्म्या पोरांची तीच तारीख. सगळ्या आयांनी ठरवून एकाच दिवशी बाळंत व्हायचं, असा काही ठराव ग्रामपंचायतीने केला असावा.

पोराला केवढा आनंद झाला असेल! हात पोचला ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आमच्या कसब्यात तऱ्हा उलटी. आमचे बाप पोर पाळण्यात असतानाच त्याच्या पेन्शनीचा विचार करायचे. मी जन्मलो पासष्ट साली. चौथीत शाळा बदलताना वडिलांनी ओळखीतून दाखला काढला आणि मी सदुसष्टचा झालो. दोन वर्षं नोकरी जास्त मिळेल, एवढाच हिशेब. आई ही गोष्ट हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कौतुकाने सांगायची. कुणाला त्यात काही घाण वाटली नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

संपतची आणि माझी गाठ पडली कॉलेजात. नदीकाठच्या मैदानावर आमचा बेसबॉलचा संघ सरावाला जमायचा. लोकांना वाटायचं क्रिकेटमध्ये नापास झालेली पोरं दांडपट्टा खेळतायत. दोघेही पिचर. म्हणजे चेंडू फेकणारे. फरक एवढाच, की मी चेंडू फेकायचो आणि संपतचा चेंडू जायचा. तो लांब हात मागून यायचा तेव्हा समोरच्याला चेंडू दिसायचाच नाही. तो लोणीहून पहिल्या बसने यायचा, पिशवी आमच्या घरी टाकायचा, आणि दोघं मैदानावर जायचो. मला तो श्याम्या म्हणायचा. माझा मित्र होता. हा शब्द लिहिताना लाज वाटते, पण होता.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात एकोणीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवडला जात होता. पिचरची एक जागा उरली होती. निवड समितीचे साहेब संपतवर फिदा होते. मग दाखले बघितले. संपतच्या दाखल्यावर वीस पुरी. साहेब म्हणाले, अरे, हा तर घोडा आहे. संपतने सांगितलं की गुरुजींनी अंदाजाने लिहिलंय, आई म्हणते मी धुळवडीला झालो, सदुसष्टच्या. साहेब भले माणूस. म्हणाले, जन्माची सरकारी नोंद परवापर्यंत आण, तू संघात. नाही आणलीस तर श्यामसुंदर जाईल.

मुक्ताबाईने दोन दिवस मजुरी बुडवली. ग्रामपंचायतीच्या दारात सकाळपासून बसून राहिली, कारकुनाला जुनी नोंदवही काढायला लावली आणि नक्कल मिळवली. दुसऱ्या दिवशी संपत शहरात दुसरीकडे सराव सामन्याला गेलेला. तिला शहरातलं एकच घर ठाऊक, आमचं. लोणीहून बस धरून, विचारत विचारत ती कसब्यात आली. माझ्या आईने तिला घरात घेतलं नाही, जिन्यातच बसवून चहा दिला. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला.

“बाळा, तुमच्या सायबाला द्या. लेकराचं काम व्हतंय.”

मी कागद वाचला. २६ मार्च १९६७, मुलगा, बापाचं नाव, गाव. शिक्का, सही, सगळं स्वच्छ. मी तिला म्हटलं, काळजी करू नका. कागद पँटच्या खिशात घातला. साहेबांचं ऑफिस आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. बास, एवढीच गोष्ट आहे. कुणाला ढकललं नाही, मारलं नाही. फक्त दहा मिनिटं चाललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी संपतला सांगितलं की साहेबांनी कागद बघितला, पण त्यात नाव नाही, नुसतं ‘मुलगा’ लिहिलंय, तो कोणताही असेल, चालणार नाही. जन्माच्या नोंदीत पोराचं नाव बहुधा नसतं, तेव्हा बारसंही झालेलं नसतं, हे साहेबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. संपतला नव्हतं. तो थेट लोणीला निघाला आणि मला म्हणाला, तू चल, तूच आईला समजावून सांग. मी गेलो. एवढं करून वर गेलोसुद्धा, बघा माझी हिंमत.

मुक्ताबाई दारात जोंधळे पाखडत होती. संपतने आळीला ऐकू जाईल असं विचारलं, कसला कागद आणलास तू? ती म्हणाली, तुझाच, धुळवडीचा. त्यावर हा भडकला. एकुलतं एक मोठं होण्याचं दार त्याच्या तोंडावर बंद झालेलं, आणि ओरडायला समोर आईच होती.

“तुला तुझं पोरगं कधी झालं तेबी ठावं न्हाई!”

शेजारच्या बाया बाहेर आल्या. मुक्ताबाईने सूप खाली ठेवलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, बाळा, मग तो कागद? मी म्हटलं, साहेबांनी ठेवून घेतला. तो तेव्हा माझ्या खिशात होता. बसताना मांडीला टोचत होता.

दर धुळवडीला ती त्याला पाटावर बसवून ओवाळायची. त्यानंतरच्या धुळवडीला त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, सरकारचा वाढदिवस एक जूनला हाय, तवा ओवाळ. तिने पुन्हा कधी ताट केलं नाही, एक जूनलाही नाही. हे मला संपतनेच सांगितलं, सहज, आईचा हट्टीपणा म्हणून.

मी स्पर्धेला गेलो. पाचांपैकी चार सामन्यांत पाणी वाटलं, पाचव्यात तीन इनिंग चेंडू फेकले आणि चोप खाल्ला. संघ जिंकला, सुवर्णपदक सगळ्यांना मिळालं. त्या पदकावर बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागली. नोकरीवरून लग्न, लग्नावरून सासरा, सासऱ्यावरून मंडळ, मंडळावरून अध्यक्षपद. मंडळात मी काय केलं? दरवर्षी पोरांचे दाखले तपासले. वय चोरणाऱ्या पोरांना मी उभं करून झापतो. खेळातली स्वच्छता या विषयावर माझं भाषण आहे, मागणी असते. नाकाने कांदे सोलायची कला काही जणांना उपजत असते.

संपतला काहीच लागलं नाही. चार वर्षं कुठे कुठे हमाली केली आणि मग शाळेत शिपाई म्हणून चिकटला. मी त्याच्यासाठी शब्द टाकला होता, हेही सांगून टाकतो. तो ते उपकार समजतो. तेव्हापासून मला साहेब म्हणतो. त्याने बारा-पंधरा मुली राज्याच्या संघात नेल्या, प्रत्येकीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल तो स्वतः पंचायतीत, महापालिकेत रांगेत उभं राहून आणायचा. पालकांना सांगायचा, आईच्या सांगण्यावर इसंबू नका, आयांना आठवत न्हाई. मी हे शेजारी उभा राहून ऐकलंय.

मुक्ताबाई शेवटची आजारी होती तेव्हा मी भेटायला गेलो. आवाज खोल गेला होता, पण तिने ओळखलं. माझं मनगट धरून म्हणाली, “बाळा, धुळवडच व्हती.” मी म्हटलं, हो मावशी, पडून राहा. आठ दिवसांनी गेली. तिला खांदा द्यायलाही मी पुढे होतो. लोक म्हणाले, एवढा मोठा माणूस, पण किती साधा. तेव्हा माझी मला जी शिसारी आली ती घरी येऊन आंघोळ केली तरी जाईना. तरी कागद दिला नाही. आता देऊन काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. कागद कुठे होता म्हणाल, तर माझ्या सुवर्णपदकाच्या प्रमाणपत्रामागे, त्याच फायलीत. फाडायचं धाडस झालं नाही आणि द्यायचंही नाही. धड चोर होणंही मला जमलं नाही.

तर एक जून. रविवार. शाळेचा हॉल, बाहेर फ्लेक्स, फ्लेक्सवर संपतपेक्षा माझा फोटो मोठा. मी सकाळी फाईल उघडून कागद खिशात घातला होता. का घातला, मला माहीत नाही. आज सांगायचं, असं काही मी ठरवलं नव्हतं. मी इतका चांगला नाही.

स्टेजवर पाच माजी विद्यार्थिनींनी संपतला ओवाळलं. कपाळभर कुंकू. त्याला त्याची सवय नव्हती, मान कडक धरून बसला होता. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. त्या शाली सत्कारासत्कारातून फिरत असतात, ही मलाच मागे एकदा मिळालेली होती, कोपऱ्यावरच्या डागावरून ओळखली. मग मी बोललो. निष्ठा म्हणालो, तपश्चर्या म्हणालो, पदकाविना मोठा झालेला माणूस म्हणालो. टाळ्या पडल्या. मी पाणी प्यायलो.

मग रशीदाने फ्रेम दिली आणि माईकवर वाचून दाखवलं, एक जून १९२५, बदली खेळाडू, चौदा वर्षं. पुन्हा टाळ्या. संपतने फ्रेम दोन्ही हातांनी धरून नीट बघितली. इंग्रजी त्याला वाचता येतं, बेतानं. मग त्याने रशीदाला विचारलं, माईक समोरच होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं:

“ज्याच्या जागेवर ह्यो उतारला, त्याचं म्होरं काय झालं?”

रशीदा गडबडली. म्हणाली, सर, ते साइटवर नाहीये. लोक हसले. संपतही हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगतो. तो आपला खेळाडू म्हणून विचारत होता. पण मी त्या खुर्चीत बसू शकेना.

चहापानाला सगळे बाहेर गेले तेव्हा मी त्याला मागच्या मैदानावर नेलं. सकाळीच त्याने स्वतःच्या सत्कारासाठी स्वतःच फक्की मारून ठेवली होती. मी कागद काढला आणि दिला. म्हटलं, संपत, हा साहेबांकडे कधी गेलाच नाही. माझ्याकडे होता.

त्याने चष्मा लावला. घड्यांवर कागद फाटत आला होता, त्याने तळहातावर पसरून धरला. बराच वेळ वाचत होता, चार ओळींना लागतो त्याहून जास्त. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. त्या हाताची एक बसली असती तर मला बरं वाटलं असतं. वाटलं, निदान हिशेब मांडेल: संघातली जागा, नोकरी, आणि आता वय झालेलं नसताना गेलेली ही नोकरीची शेवटची दोन वर्षं, जी मी अजून बँकेत एसीत बसून खातोय. त्याने यातलं काहीच काढलं नाही. शालीचं टोक घेतलं आणि कपाळावरचं कुंकू पुसायला लागला. नीट, शेवटपर्यंत पुसलं. मग म्हणाला, “सव्वीस मार्च. धुळवड.”

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते सांगत नाही, ते माझ्या भाषणातलेच निघाले. तो ऐकत नव्हता. कागदाची पुन्हा त्याच घड्यांवर घडी घातली, खिशात ठेवला, आणि माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांनी त्याने मला नावाने हाक मारली.

“श्याम्या, आईला खांदा द्यायला तू म्होरं व्हतास न्हवं?”

मी मान हलवली.

“तवा तरी द्यायचा. तिच्या कानात सांगितलं असतं.”

एवढं बोलून तो निघाला. शाल त्याने कुंपणावर टाकली, फ्रेम तिथेच बाकावर राहिली. मैदानाच्या मागच्या फाटकातून तो बसथांब्याकडे गेला. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होतो?

हॉलच्या पायऱ्यांवर सगळे फोटोसाठी उभे होते. रशीदा म्हणाली, संपत सर कुठायत? मी म्हटलं, बरं वाटत नव्हतं, गेले. हे खोटं किती सहज आलं तोंडात. मुली हळहळल्या. फोटोवाल्याला घाई होती, त्याला दुपारी दुसरीकडे मुंज होती. त्याने रांग बघितली आणि मधली खुर्ची रिकामी दिसली, म्हणून मला म्हणाला, साहेब, तुम्ही मध्ये बसा, जागा मोकळी वाईट दिसते.

मी बसलो.